फ्रेंचचा इम्परफेक्ट सबजंक्टिव्ह : बनवायचा कसा, ओळखायचा कसा, लिहायचा कुठे

‘आवाँ क ला न्वी तोंबा’. अर्थ, ‘रात्र पडायच्या आत’. यातलं ‘तोंबे’, म्हणजे पडणे, हे क्रियापद पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही माहीत असतं. पण छापील पानावर त्याचा शेवट ‘ए’ या अक्षरानं होतो, त्या ‘ए’वर छपरासारखी खूण असते आणि पुढे एक मुका ‘टी’. वर्गात पाठ केलेल्या कुठल्याही तक्त्यात हे रूप बसत नाही. हाच तो इम्परफेक्ट सबजंक्टिव्ह, फ्रेंचमध्ये ‘अँपार्फे द्यू स्यूबझोंक्तिफ’. बोलण्यातून तो गेला आहे, पण जुन्या कादंबऱ्यांत पानोपानी आहे आणि आजच्या गंभीर गद्यातही अधूनमधून भेटतो. डेल्फ-दाल्फ या फ्रेंच परीक्षांच्या वरच्या पातळ्यांची तयारी करणाऱ्यांना, अनुवादकांना आणि मूळ फ्रेंच साहित्य वाचणाऱ्यांना त्याच्याशिवाय पुढे जाता येत नाही.

या लेखात फ्रेंच शब्द देवनागरीत, अंदाजे उच्चाराप्रमाणे दिले आहेत. ‘फ्यू’, ‘ल्यू’ यांतला ‘यू’ म्हणताना ओठांचा चंबू करून ‘ई’ म्हणायचं. स्पेलिंग सांगायची वेळ येईल तिथे अक्षरांची नावं आपण इंग्रजी अक्षरं वाचतो तशी दिली आहेत. छपरासारख्या त्या खुणेला, म्हणजे सिर्कोंफ्लेक्सला, इथे ‘टोपी’ म्हटलं आहे.

आधी मराठीतली एक गोष्ट

‘त्यानं यावं असं मला वाटतं.’ ‘त्यानं यावं असं मला वाटत होतं.’ मुख्य क्रियापद वर्तमानातून भूतकाळात गेलं, पण ‘यावं’ जागचं हललं नाही. मराठीचा विध्यर्थ असा स्थिर असतो.

फ्रेंचचा सबजंक्टिव्ह म्हणजे ढोबळमानानं हाच विध्यर्थ. जुन्या, काटेकोर फ्रेंचमध्ये मात्र तो हलतो. ‘झ वो किल व्येन’ (त्यानं यावं असं मला वाटतं) भूतकाळात गेलं की ‘झ वुले किल वँ’ होतं. मुख्य क्रियापद मागे सरकलं म्हणून पोटवाक्यातलं क्रियापदही एक पाऊल मागे सरकतं. यालाच काळांची संगती म्हणतात. आजची फ्रेंच हे पाऊल टाकत नाही, ती ‘झ वुले किल व्येन’ म्हणते, म्हणजे अगदी मराठीसारखं वागते. त्यामुळे मराठी माणसाला आजची पद्धत आपोआप जमते, जुनी तेवढी मुद्दाम शिकावी लागते.

संगतीची पूर्ण चौकट चार वाक्यांत मावते:

- ‘झ दूत किल व्येन’ : तो येईल याची मला शंका आहे. (वर्तमान सबजंक्टिव्ह)
- ‘झ दूत किल स्वा पार्ती’ : तो गेला असेल याची शंका आहे. (पास्ट सबजंक्टिव्ह)
- ‘झ दूते किल वँ’ : तो येईल याची शंका होती. (इम्परफेक्ट सबजंक्टिव्ह)
- ‘झ दूते किल फ्यू पार्ती’ : तो गेला असेल याची शंका होती. (प्लुपरफेक्ट सबजंक्टिव्ह)

इम्परफेक्ट या नावामुळे इथे बरेच जण चुकतात. ‘तो येत होता’ असा चालू क्रियेचा अर्थ या रूपात नाही. मुख्य क्रियापदाच्या वेळी किंवा त्यानंतर घडायची गोष्ट इम्परफेक्टमध्ये आणि त्याआधीच घडून गेलेली प्लुपरफेक्टमध्ये, एवढीच वाटणी आहे.

रूप बनवण्याच्या तीन पायऱ्या

पहिली पायरी म्हणजे पासे सँप्ल, कथा-कादंबऱ्यांतला लेखी साधा भूतकाळ. त्या काळाचं ‘त्यू’चं, म्हणजे ‘तू’चं रूप घ्या. ‘पार्ले’ (बोलणे) याचं ते रूप पी-ए-आर-एल-ए-एस. ‘फिनीर’ (संपवणे) याचं एफ-आय-एन-आय-एस. ‘वुल्वार’ (हवं असणे) याचं व्ही-ओ-यू-एल-यू-एस. ‘वनीर’ (येणे) याचं व्ही-आय-एन-एस.

दुसऱ्या पायरीत त्याला एस-ई जोडा. पार्लास, फिनीस, वुल्यूस, वँस. हे ‘झ’चं, म्हणजे ‘मी’चं रूप तयार झालं. बाकीच्या पुरुषांना नेहमीचे सबजंक्टिव्ह प्रत्यय लागतात.

तिसरी पायरी फक्त ‘तो, ती’च्या रूपासाठी. इथे दुहेरी एस येत नाही. शेवटच्या स्वरावर टोपी घाला आणि टी लिहा.

‘पार्ले’ची सहाही रूपं अशी:

- क झ पार्लास (शेवट एस-एस-ई)
- क त्यू पार्लास (एस-एस-ई-एस)
- किल पार्ला (टोपीचा ए आणि टी)
- क नू पार्लासियों (एस-एस-आय-ओ-एन-एस)
- क वू पार्लासिये (एस-एस-आय-ई-झेड)
- किल पार्लास (एस-एस-ई-एन-टी)

‘वनीर’ आणि ‘तनीर’ (धरणे) यांच्या तृतीय पुरुषात टोपी ‘आय’वर बसते आणि तिच्या पुढे ‘एन-टी’ येतं. ती ‘एन’वर घालायचा प्रश्नच नाही, कारण टोपी नेहमी स्वराची.

या पद्धतीला अपवाद जवळपास नाहीत. ‘आईर’ (द्वेष करणे) या क्रियापदाच्या ‘आय’वर आधीच दोन टिंबं असतात. ती राहतात, त्यामुळे टोपीला जागा उरत नाही. आणि ज्या क्रियापदांना पासे सँप्लच नाही, उदाहरणार्थ ‘त्रेर’ (दूध काढणे) किंवा ‘पेत्र’ (चरणे), त्यांना हे रूपही नाही. ते शोधत बसू नका, वाक्य बदला.

हा काळ पासे सँप्लवरच का उभा आहे, तेही पाहून घ्या. दोन्ही रूपं लॅटिनमधल्या पूर्ण क्रियेच्या एकाच धातुरूपातून आली आहेत. म्हणून वर्तमानकाळाच्या धातूला प्रत्यय चिकटवले की रूप फसतं. ‘फेर’ (करणे) याचं पासे सँप्ल ‘फी’, म्हणून इथे ‘फीस’ आणि ‘फी’. वर्तमान सबजंक्टिव्हमधल्या ‘फास’शी त्याचा संबंध नाही. ‘प्राँद्र’ (घेणे) याचं ‘प्रीस’ आणि ‘प्री’. त्यात ‘डी’ येत नाही.

स्वर ओळखला की काम झालं

सगळी क्रियापदं चार स्वरांत विभागली जातात: आ, ई, यू आणि नाकातला अँ. (हे उच्चार आहेत, अक्षरांची नावं नव्हेत. ‘ई’ हा उच्चार लिहिताना ‘आय’ अक्षर येतं.) शेवटच्या गटात फक्त ‘वनीर’, ‘तनीर’ आणि त्यांना उपसर्ग लागून झालेली क्रियापदं आहेत. ‘आ’ गटात ई-आर अंताची सगळी क्रियापदं येतात, अगदी ‘आले’ (जाणे) सुद्धा. गोंधळ होतो तो ‘ई’ आणि ‘यू’ यांच्यात.

तिथे भूतकालवाचक धातुसाधिताची मदत घ्या. ते ‘यू’नं संपत असेल तर बहुतेक वेळा इथेही ‘यू’ असतो. वुल्यू, स्यू (सावार, माहीत असणे), प्यू (पुव्वार, शकणे), ल्यू (लीर, वाचणे), ब्यू (ब्वार, पिणे), रस्यू (रसव्वार, मिळणे), कूऱ्यू (कूरीर, धावणे), वेक्यू (वीव्र, जगणे), कोन्यू (कोनेत्र, ओळखणे). धातुसाधित ‘ई’नं संपत असेल तर इथेही ‘ई’: प्री, मी (मेत्र, ठेवणे), दी (दीर, सांगणे), पार्ती, सोर्ती.

हा ठोकताळा जिथे मोडतो ती क्रियापदं वेगळी पाठ करा. ‘वाँद्र’ (विकणे), ‘आताँद्र’ (वाट पाहणे), ‘पेर्द्र’ (हरवणे), ‘रेपोंद्र’ (उत्तर देणे) यांचं धातुसाधित ‘यू’चं, पण रूप ‘ई’चं: वाँदी, आताँदी. ‘व्वार’ (पाहणे) याचं धातुसाधित ‘व्यू’, रूप मात्र ‘वी’. ‘मुरीर’ (मरणे) याचं धातुसाधित ‘मोर’, रूप ‘मुऱ्यू’. ‘नेत्र’ (जन्मणे) याचं ‘नाकी’, ‘एक्रीर’ (लिहिणे) याचं ‘एक्रीवी’, ‘क्रँद्र’ (भिणे) याचं ‘क्रेन्यी’.

एवढं करूनही वेळ कमी असेल तर दोनच क्रियापदं अगदी घट्ट पाठ करा. छापील मजकुरात सर्वांत जास्त भेटतात ती हीच. ‘एत्र’ (असणे): फ्यूस, फ्यूस, फ्यू, फ्यूसियों, फ्यूसिये, फ्यूस. ‘आव्वार’ (जवळ असणे): यूस, यूस, यू, यूसियों, यूसिये, यूस. ‘आव्वार’ची रूपं लिहिताना सुरुवातीला ई-यू अशी दोन अक्षरं असतात, पण उच्चार एकट्या ‘यू’चा. ते ‘अयूस’ किंवा ‘ओस’ वाचलं की ऐकणारा दचकतो.

टोपी : कानाला कळत नाही, कागदावर चुकता येत नाही

पासे सँप्लचा ‘फ्यू’ (एफ-यू-टी) आणि सबजंक्टिव्हचा ‘फ्यू’ (टोपीचा यू) यांचा उच्चार अगदी एकसारखा आहे. ‘यू’, ‘वँ’, ‘पार्ला’ यांचंही तेच. फरक फक्त कागदावर आहे आणि त्यात अर्थाचा मोठा भाग अडकलेला आहे. बिनटोपीचा फ्यू म्हणजे ‘झालं’, टोपीचा फ्यू म्हणजे ‘व्हावं’.

ही टोपी हरवलेल्या ‘एस’ची खूण आहे. जुन्या फ्रेंचमध्ये या सबजंक्टिव्ह रूपांत ‘टी’च्या आधी ‘एस’ होता, पासे सँप्लच्या ‘तो’च्या रूपात नव्हता. पुढे तो मुका झाला. १७४० साली फ्रेंच अकादमीच्या शब्दकोशाच्या तिसऱ्या आवृत्तीनं असे बरेच मुके एस काढले आणि त्यांच्या जागी टोप्या घातल्या. म्हणून आज टोपी एका रूपावर आहे, दुसऱ्यावर नाही. १९९० च्या शुद्धलेखन सुधारणेनं ‘आय’ आणि ‘यू’वरच्या अनेक टोप्या ऐच्छिक केल्या, पण या रूपांवरची टोपी मुद्दाम राखली. तेव्हा ‘नव्या नियमानं चालतं’ हे कारण इथे लागू पडत नाही.

टोपी हवी की नको, हे ठरवायला दोन कसोट्या आहेत. पहिली: त्या जागी ‘स्वा’ (एत्रचं वर्तमान सबजंक्टिव्ह) किंवा ‘ए’ (आव्वारचं) घालून पाहा. वाक्य चाललं तर टोपी हवी. दुसरी: कर्ता अनेकवचनी करा. ‘फ्यूर’ येत असेल तर टोपी नाही, ‘फ्यूस’ येत असेल तर टोपी आहे. ही दुसरी कसोटी जास्त खात्रीची, कारण इथे कानालाही फरक कळतो.

सर्वांत जास्त टोप्या चुकतात त्या ‘आप्रे क’ (नंतर) आणि ‘आवाँ क’ (आधी) या जोडीत. ‘आवाँ क’नंतर सबजंक्टिव्ह, कारण गोष्ट अजून घडलेली नसते. ‘आप्रे क’नंतर साधा निश्चयार्थ, कारण ती घडून गेलेली असते. ‘आप्रे किल फ्यू पार्ती’ (तो गेल्यानंतर) यात टोपी घालणं ही चूक मुरलेल्या फ्रेंच लेखकांच्याही हातून होते.

उलट बाजूनं, टोपी दिसली म्हणजे सबजंक्टिव्ह असंही नाही. ‘नू पार्लाम’, ‘वू फ्यूत’ ही पासे सँप्लची ‘आम्ही, तुम्ही’ची रूपं टोपीचीच आहेत. पारंपरिक लेखनात ‘इल कोने’ (तो ओळखतो), ‘इल प्ले’ (तो आवडतो) या साध्या वर्तमानकाळातही ‘टी’च्या आधीच्या ‘आय’वर टोपी असते. त्यांचे सबजंक्टिव्ह ‘कोन्यू’ आणि ‘प्ल्यू’, म्हणजे टोपी ‘यू’वर. टोपी कोणत्या स्वरावर आहे, तिकडे लक्ष ठेवा.

टाइप करताना फ्रेंच कीबोर्डवर ‘पी’च्या उजवीकडची कळ दाबून मग स्वर दाबायचा. विंडोजवर ऑल्ट धरून आकड्यांच्या पॅडवर ०२२६ दाबलं की टोपीचा ए, ०२३८ नं आय, ०२५१ नं यू. मोबाइलवर स्वराची कळ दाबून ठेवली की टोपीवाला पर्याय वर येतो.

स्पेलिंगमध्ये आणखी काय बिघडतं

‘माँझे’ (खाणे) सारख्या जी-ई-आर अंताच्या क्रियापदांत ‘जी’नंतर ‘ई’ ठेवायचा, सहाही रूपांत. तो गाळला तर ‘माँगास’ असा उच्चार होतो. ‘कोमाँसे’ (सुरू करणे) सारख्या सी-ई-आर अंतात ‘सी’खाली सेडिल, म्हणजे शेपटी, तीही सहाही रूपांत. ‘रसव्वार’च्या ‘रस्यू’लाही ती शेपटी लागते.

एक एस की दोन, हा फरक उच्चारातही आहे. ‘दीर’चं वर्तमान सबजंक्टिव्ह एका एसचं, म्हणून ‘दीझ’. इम्परफेक्टचं दोन एसचं, म्हणून ‘दीस’.

‘फिनीर’च्या गटात वर्तमान आणि इम्परफेक्ट सबजंक्टिव्ह पाच पुरुषांत हुबेहूब सारखे आहेत. फरक फक्त तृतीय पुरुष एकवचनात: वर्तमानात ‘फिनीस’, इथे टोपीचा ‘फिनी’. त्यातही ‘नू फिनीसियों’ आणि ‘वू फिनीसिये’ ही रूपं साध्या इम्परफेक्टचीही (‘संपवत होतो, संपवत होता’) आहेत, म्हणजे एका रूपात तीन काळ. तिथे काळ ठरवायचा तो मुख्य क्रियापद पाहून.

एक वाक्य जवळून

‘इल फाले क ला पोर्त फ्यू फेर्मे आवाँ क ला न्वी तोंबा.’ रात्र पडायच्या आत दार बंद व्हायला हवं होतं.

‘इल फाले’ हा भूतकाळ आहे आणि ‘गरज होती’ या अर्थामुळे पुढे सबजंक्टिव्ह लागतो. भूतकाळ आणि सबजंक्टिव्ह एकत्र आले, म्हणून टोपीचा ‘फ्यू’. ‘फेर्मे’ दिसलं म्हणून याला प्लुपरफेक्ट समजू नका. इथे ‘दार बंद असणं’ ही अवस्था सांगितली आहे, आधी घडलेली क्रिया नाही. पुढे ‘आवाँ क’ आपला वेगळा सबजंक्टिव्ह मागतं, तोही भूतकाळाच्या छायेत, म्हणून ‘तोंबा’. आजच्या भाषेत हेच वाक्य ‘इल फाले क ला पोर्त स्वा फेर्मे आवाँ क ला न्वी तोंब’ होतं आणि ते पूर्ण शुद्ध आहे.

‘आवाँ क’ प्रमाणेच ‘पूर क’ (म्हणून), ‘ब्यँ क’ आणि ‘क्वाक’ (असूनही), ‘साँ क’ (शिवाय), ‘झ्यूस्का स क’ (तोपर्यंत), ‘द पर क’ (भीतीनं) हे शब्द सबजंक्टिव्ह ओढून आणतात. ‘एस्पेरे’ (आशा करणे) मात्र आणत नाही. तिथे ‘झेस्पेरे किल व्यँद्रे’ असं साधं कंडिशनल, म्हणजे संकेतार्थ, येतं. मराठीत ‘तो येईल अशी आशा होती’ म्हणतो, ‘यावा’ म्हणत नाही, तसंच हे. आणि दोन्ही वाक्यांचा कर्ता एकच असेल तर बहुतेक ठिकाणी सबजंक्टिव्ह नकोच, मूळ क्रियापद वापरा. ‘ब्यँ क’ आणि ‘क्वाक’नंतर मात्र तो राहतोच.

मुख्य वाक्य कंडिशनलमध्ये असलं तरी जुना नियम इम्परफेक्ट सबजंक्टिव्ह मागतो: ‘झ वुद्रे किल वँ’. पण १९०१ च्या सरकारी आदेशानं इथे वर्तमान सबजंक्टिव्हला परीक्षेत मुभा दिली आणि २८ डिसेंबर १९७६ च्या आदेशानं ती मुभा भूतकाळी वाक्यांनाही दिली. आज ‘वुद्रे’नंतर ‘वँ’ लिहिणं पुस्तकी वाटतं.

प्लुपरफेक्ट आणि मराठीचा ‘असता’

टोपीचा ‘यू’ किंवा ‘फ्यू’ घेऊन पुढे धातुसाधित जोडलं की प्लुपरफेक्ट सबजंक्टिव्ह होतो. ‘ब्यँ किल यू प्ल्यू’ म्हणजे ‘पाऊस पडून गेला असूनही’. जुन्या गद्यात हेच रूप ‘झालं असतं’ या अर्थानंही येतं, तेही ‘क’शिवाय. ‘सिल फ्यू वन्यू, तू त्यू एते प्ल्यू सँप्ल’: तो आला असता तर सगळं सोपं झालं असतं. मराठी दोन्ही अर्ध्यांत ‘असता, असतं’ ठेवते, जुनी फ्रेंचही दोन्हीकडे एकच रूप ठेवते. आधुनिक फ्रेंचमध्ये दोन अर्ध्यांत दोन वेगळे काळ येतात. म्हणून मराठी वाचकानं इथे सरळ ‘असता’ घालून वाचावं, अर्थ लगेच लागतो. ‘ओं न्यू दी’ हे वर्णनात वारंवार येणारं शब्दयुग्मही असंच: ‘कुणालाही वाटलं असतं की’.

कर्ता मागे गेला की

‘फ्यूतिल’ (तो असला तरी), ‘न फ्यूस क’ (निदान एवढ्यासाठी तरी), ‘प्ल्यू तो स्येल क’ (देव करो नि) ही ठरलेली रूपं आजही लिहिली जातात. ‘झ’ मागे गेला की शेवटच्या ‘ई’ अक्षरावर उजवीकडे झुकलेला अक्साँ, म्हणजे तिरकी रेघ, येतो: ‘द्यूसेझ’. १९९० च्या सुधारणेनुसार तो डावीकडे झुकलेलाही चालतो. ‘द्यूसेझ ई पासे ला न्वी’ म्हणजे ‘तिथे रात्र काढावी लागली तरी बेहत्तर’.

स्वतः लिहिताना

बोलताना कधीच नको. पत्रात, ईमेलमध्ये, परीक्षेच्या निबंधात वर्तमान सबजंक्टिव्ह लिहा. पासे सँप्लमध्ये कथा लिहीत असाल किंवा तसा मजकूर अनुवादत असाल, तर तृतीय पुरुष एकवचन खुशाल वापरा, विशेषतः ‘फ्यू’ आणि ‘यू’. ‘पार्लासियों’, ‘पार्लासिये’ शक्यतो टाळा. ती चुकीची नाहीत, पण फ्रेंच कानाला फार जड जातात. तिथे वर्तमान सबजंक्टिव्ह वापरा किंवा वाक्य फिरवून मूळ क्रियापद आणा. एका कथेत ‘तो’साठी जुनं रूप आणि ‘आम्ही’साठी नवं, अशी सरमिसळ अनेक चांगले लेखक करतात.

सराव

कंसातल्या क्रियापदाचं रूप लिहा, स्पेलिंगसकट.

१. इल आताँदी झ्यूस्का स क ल त्रँ (पार्तिर).
२. इल न्यावे पेर्सोन की (सावार) लीर.
३. इल पार्ले बा, द पर कों न ल (आँताँद्र).
४. क्वाकिल (माँझे) प, इल ग्रोसिसे.
५. आप्रे केल (एत्र) पार्ती, ओं फेर्मा ला पोर्त.

उत्तरं: १. ‘पार्ती’, टोपी ‘आय’वर. २. ‘स्यू’, टोपी ‘यू’वर. ‘वाचता येणारं कुणीच नव्हतं’ अशा नकारानंतरच्या पोटवाक्यातही सबजंक्टिव्ह लागतो. ३. ‘आँताँदी’. धातुसाधित ‘आँताँद्यू’ असलं तरी रूप ‘ई’चं. ४. ‘माँझा’. ‘जी’नंतर ‘ई’, मग टोपीचा ‘ए’. ५. ‘फ्यू’, बिनटोपीचा. ‘केल’च्या जागी ‘त्या सगळ्या’ घालून पाहा: ‘फ्यूर’ येतं, ‘फ्यूस’ नाही.